खाकी गेटअप

अपर्णाने खाकी शर्टाच्या बाहीला कात्री लावली आणि तशीच परत घेतली. मग बाह्या घड्या घालून वर दुमडल्या आणि टाचण्या टोचल्या. शर्ट तिच्या नवऱ्याचा, अमितचा होता. होळीनंतर तो अपघातात गेला, तेव्हापासून शर्टाला कोणी पाणी लावलं नव्हतं.

समोर लेक चंचल हात पसरून उभी होती. आज तान्हा पोळा. सौंसरच्या पोरांनी सजूनधजून, लाकडी बैल ओढत घरोघर फिरायचा दिवस. चंचलला कंडक्टर व्हायचं होतं. तिचे पप्पा नागपूरच्या बसवर कंडक्टरच होते.

वसंतरावांनी सकाळीच बजावलं होतं, वर्ष उलटेपर्यंत या घरात सण नाही. पण नातीपुढे आजोबांचं काय चालतं? ती रडली नाही, हट्टाला पेटली नाही. शाळेतल्या बाईंनी पोळ्याला गेटअप करायला सांगितलंय, तर गेटअप म्हणजे काय, एवढंच तिने विचारलं. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, विचारल्यावर गप्प कसा बसेल? नुसती साडी नेसली तर ते कपडे, त्यांनी सांगितलं, पण साडी नेसून जिजाऊ झालीस तर तो गेटअप. घातला की आपण दुसरं माणूस, उतरवला की ते माणूस गेलं. सांगता सांगता ते कित्येक महिन्यांनी खुलले आणि मग नाही म्हणायचं राहूनच गेलं.

हाच शब्द ते अमितला त्याच्या खाकी वर्दीवरून ऐकवत. मास्तरच्या पोराने हा कसला गेटअप केला म्हणून. तो हसायचा आणि बस गाठायला पळायचा. आता ते हसणं आठवलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

दुपारभर चंचलची शिटी गल्लीत वाजत राहिली. दिवेलागणीला ती परतली, तेव्हा शर्टाची कॉलर घामाने चिंब होती. अपर्णाने न्हाणीत पाणी काढलं आणि तिचं वरचं बटण उघडलं. चंचलने कॉलर मुठीत गच्च धरली.

"काढ ना बेटा. सारा भिजला हाय."

"नाही."

"काऊन?"

चंचलने आजोबांकडे बघितलं. "तुम्हीच तं सांगितलं ना. उतरवला की माणूस चाललं जाते."

अपर्णाने तोंडाला पदर लावला. वसंतराव खुर्चीतून उठले आणि नातीसमोर खाली बसले. उघडलेलं बटण त्यांनी स्वतः परत लावलं.

"कंडक्टरसाहेब," ते म्हणाले, "जेवायला चला. आज माझ्याजवळ बसा."