एका सकाळचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. वय जेमतेम सव्वा वर्षाचे आणि चाल एका सकाळची, तरीही जुनाच. मी डावा, माझा जोडीदार उजवा. तो अबोल आहे, म्हणून आमची हकीकत मीच सांगतो. सुरुवात एका गुरुवारपासून करतो, कारण त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर ते घर आहे. त्या सकाळी आई दत्ताच्या देवळात गेली होती. धाकटा मुलगा सार्थक पहाटेच मुंबईला बुटांच्या मेळ्याला गेला होता. थोरली हर्षाली कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. तिला सुट्टी होती आणि एका हातात चहा, दुसऱ्या हातात पुस्तक असे तिचे चालले होते. बाबा, म्हणजे नवनाथ, फिरायला निघाले आणि उंबऱ्यातच त्यांच्या स्लीपरचा पट्टा तुटला.

"गेली बिचारी," बाबा म्हणाले.

हर्षालीने पुस्तकातून मान वर केली आणि कपाटावरच्या पारदर्शक डब्याकडे पाहिले. त्या डब्यात आम्ही होतो.

"बाबा, ते घाला की."

"कोणते? ते? नको गं बाई. तुझा भाऊ मला घराबाहेर काढील."

"काढतोय! तुमच्याच नावावर आलेत ना? डॉक्टरांनी काय सांगितलं, टाचेला मऊ पाहिजे. आणि हे बसलेत वर, देवासारखे."

"त्याला कळलं तर?"

"मी सांगेन त्याला, मीच घालायला लावले म्हणून. तुम्ही जा हो बिनधास्त."

तिने स्वतः स्टूल घेऊन डबा खाली काढला. मित्रांनो, 'मी सांगेन त्याला' हे वाक्य मी ऐकले आहे. पुढचे सगळे त्या वाक्यामुळेच मला इतके लागले.

आता बूट बाबांच्या नावावर कसे आले, ते सांगतो. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या टाचेवरची हिरवी पट्टी शिवली. मग आत हात घालून टोकापर्यंत बोटे फिरवली, कुठे टाका टोचत तर नाही ना, हे पाहिले. ती कोणाच्या तरी पायाचा विचार करत होती. आपण पायासाठी आहोत, हे माझ्या मनात तेव्हाच पक्के बसले.

पण माझ्यासारखे जोड मोजकेच काढले होते, आणि वस्तू मोजकी असली की माणसे ती वापरायचे सोडून देतात. सार्थक नोकरी सांभाळून हाच उद्योग करतो. असे बूट मिळवायचे, पाय न घालता ठेवायचे आणि भाव चढला की विकायचे. पूर्वी हे थोड्या हौशी पोरांचे खूळ होते म्हणे. आता लग्नात नवरदेव शेरवानीखाली असे बूट घालतात, आणि मेहुण्या ते पळवण्याआधी फोनवर त्यांची किंमत पाहून घेतात.

या बुटांची सोडत निघते. ज्याचे नाव लागेल, त्यानेच आधार कार्ड घेऊन दुकानात जायचे. सार्थकने घरातल्या सगळ्यांची नावे घातली आणि लागले बाबांचे.

"घरांच्या सोडतीत चार वेळा फॉर्म भरला, कधी नाव लागलं नाय," बाबा हसून म्हणाले. "लागलं ते बुटांच्या!"

कॉलेज रोडवरच्या त्या दुकानासमोर ते अडीच तास रांगेत उभे होते. पुढेमागे सगळी विशी-पंचविशीची मुले. एकाने विचारले, "काका, तुम्ही पण कलेक्टर? बूट जमवता?"

"नाय रे बाबा, फिटर. ओझरला होतो, विमानांच्या कारखान्यात. चौतीस वर्षं."

सगळी रांग हसली आणि तेही हसले. मग दोन्ही हातांत डबा धरून ते रिक्षाने घरी आले. झाकण उघडून त्यांनी माझे टोक अंगठ्याने दाबून पाहिले, लहान मुलांचे बूट घेताना दाबतात तसे. आयुष्यभर त्यांनी कंपनीचे सेफ्टी शूज घातले होते. पुढे लोखंडी टोप, वर्षाला एक जोड, मिळेल तो. स्वतःसाठी बूट त्यांनी कधी निवडलेच नव्हते. त्यांनी माझी लेस सैल केली.

"घालून बघू का रे?"

"बाबा! पाय नका घालू. एक क्रीज पडली की संपलं सगळं."

बाबांनी लेस पुन्हा होती तशी बांधली आणि झाकण लावले. मला पहिला धक्का तिथे बसला. रांगेत उभे राहायला त्यांचे पाय चालले, माझ्या आत यायला चालले नाहीत.

त्यानंतर अकरा महिने मी कपाटावर होतो. दर रविवारी सार्थक मला खाली काढायचा, कापडाने पुसायचा, फोटो काढायचा. कौतुकाला तोटा नव्हता. पाहुणे आले की मला दाखवले जायचे. कौतुकाने बूट बूट होत नाही, हे मात्र कोणाला सुचले नाही.

म्हणून तो गुरुवार. बाबांनी मोजे घातले, माझ्यात पाय सरकवला आणि थोडा वेळ ते नुसते उभे राहिले.

"लय मऊ हाय गं. पाय ठेवलाय का नाय, तेच कळत नाय."

"चालून तर बघा!"

जिना, मग रस्ता, मग जॉगिंग ट्रॅक. मला पहिल्यांदा माती लागली. बाबांचा डावा पाय किंचित बाहेर वळतो. माझा तळ त्या बाजूने दबायला लागला आणि मला फार बरे वाटले. ट्रॅकवर त्यांचे कंपनीतले जुने सोबती देवराम भेटले.

"काय नवनाथ, जावयानं दिले का?"

"जावई कुठून आणू? पोरगी पुस्तकं वाचती. सोडतीत लागले."

"मग आता पळत सुटशील. वहिनींना सांगून ठेवतो, दाराला कडी घाला म्हणून."

रोज दोन फेऱ्या मारणाऱ्या बाबांनी त्या दिवशी चार मारल्या. घरी आल्यावर हर्षालीने ओल्या फडक्याने माती पुसली आणि आम्हाला डब्यात ठेवले. माती पुसली गेली. बोटांपाशी पडलेली सुरकुती कशी पुसणार?

संध्याकाळी सार्थक आला. मेळ्यातून आलेला, खुशीत. कोणाला तरी दाखवायचे म्हणून त्याने फोटोसाठी डबा उघडला.

"हे कोणी घातले?"

हर्षाली ओट्याशी कोशिंबिरीसाठी सुरीने काकडी चोचवत होती. तिचा हात थांबला. मी वाट पाहत होतो, मित्रांनो. दोनच शब्द बोलायचे होते.

"मी घातले रे," बाबा म्हणाले. "चप्पल तुटली व्हती."

"चप्पल तुटली म्हणून हे? बाबा, चौतीस वर्षं नोकरी केली तुम्ही, पण वस्तूची किंमत तुम्हाला कधी कळलीच नाही!"

बाबांनी हर्षालीकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर तिला बोलावे लागले असते, म्हणूनच त्यांनी पाहिले नसावे. "बरं," एवढेच म्हणाले आणि पानावर बसले. हर्षालीने त्यांना वाढले. कोशिंबीर जास्तच वाढली.

तिला वाटले असेल, आत्ता तो तापला आहे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून बाबा खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय होते, आधीपासूनचे होते. ते खरेच असेल. पण त्या घरातल्या दोन माणसांना ते पटले नाही, आणि दोघांची कारणे वेगवेगळी होती.

तेराव्याला मी वरूनच सगळे ऐकत होतो. दानासाठी छत्री, तांब्या आणि नव्या वहाणा आणायच्या होत्या.

"वहाणा चांगल्या घ्या गं," सगुणाबाई आत्या म्हणाली. "वाटेत त्याचे पाय पोळतील. लय चालावं लागतं म्हणत्यात."

सार्थकने कपाटाकडे एकदा पाहिले आणि खाली मान घातली. मग तो बाजारात जाऊन चामडी वहाणा घेऊन आला. ज्यांच्या नावावर मी आलो, त्यांच्या वाटेसाठीही माझे नाव कोणी घेतले नाही. हर्षालीनेही नाही.

महिन्याभराने सार्थकने मला पुसायला काढले. "विकून टाकतो. डोळ्यांसमोर नको," तो आईला म्हणाला. त्याने ब्रशने माझा तळ खरवडला, खाचांत अडकलेले ट्रॅकच्या मातीचे कण टाचणीने काढले. आत कागदाचे बोळे भरले आणि ओले फडके ठेवून वरून इस्त्री फिरवली. सुरकुती हळूहळू सपाट झाली. मध्येच त्याने बोळे काढले आणि हात माझ्या आत घालून कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मला वाटले, आता हा थांबेल. पण त्याने बोळे परत भरले. तो वाईट नाही, मित्रांनो. त्याला ती सुरकुती बघवत नव्हती. माझी मात्र तेवढीच मिळकत होती, आणि ती माझ्या अंगावरून पुसली जात होती.

मला घ्यायला सटाण्याहून रोहित नावाचा माणूस आला. चाळिशीचा, घरचा कांद्याचा व्यापार. मोठा गमत्या.

"आमच्या घरात देवघरापेक्षा बुटांचं कपाट मोठं शे," तो अहिराणी ढंगात म्हणाला. "आई म्हणते, आता ह्यांचीच आरती कर."

"घालता का कधी?" आईने विचारले.

"नाही हो काकू. घालायचं म्हटलं की छातीत धडधडतं."

त्याने मला हातात घेऊन उजेडात फिरवले. मला काचेचे कपाट दिसायला लागले. तुम्हाला एकच सांगणे आहे, मित्रांनो. वस्तू जपा, पण घालूनपांघरून जपा. आणि आपल्या शब्दावर कोणी पाऊल टाकले, तर पुढे त्याला एकट्याला उभे करू नका. बूट हे सहन करतो. माणसाचे मला ठाऊक नाही.

"एकदाही पायात गेलेले नाहीत ना?" रोहितने विचारले.

"नाही," सार्थक म्हणाला. "बॉक्समधून काढलेच नाहीत."

हर्षाली चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो टेबलावर नीट ठेवला.

"काढलेत," ती म्हणाली.

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे, सार्थक. पहिल्यापासून." तिचा आवाज मोठा नव्हता. "बाबांनी घातले होते हे, चार फेऱ्या मारल्या. डबा मी काढून दिला. घाला म्हणून मी मागे लागले. मी सांगेन त्याला, असं मी बाबांना म्हणाले होते. आणि तू ओरडत होतास तेव्हा मी तिथे ओट्याशी उभी होते, काकडी चोचवत. त्यांनी माझं नाव घेतलं नाही रे. मीही घेतलं नाही."