वाफाऱ्याची घोंगडी

माझ्या विणीत किती जणांच्या तापाचा घाम मुरलाय, ते मलाच विचारा. मी काळी घोंगडी. धनगराच्या अंगणात विणली गेले, चिंचोक्याच्या खळीने ताठ झाले आणि कल्याणच्या बाजारातून ठाण्याला, कोपरीच्या मिठागरात राबणाऱ्या धाकूच्या घरी आले.

घरात कुणी तापलं की वाफारा. उकळत्या पाण्याचं मडकं, त्यावर वाकलेला आजारी माणूस, वरून मी. त्याला धरायला घरातलं आणखी कुणी आत बसायचं. इथली रीतच ती.

१८९० साली उन्हाळ्यात इन्फ्लुएंझा आला. धाकूची बायको आवडाबाई, थोरली सून बायजा, मुलगे, सगळी माझ्याखालून गेली आणि वाचली. धाकू तेव्हा मिठाच्या गलबतावर होता. धाकटी सून सगुणा बाळंतपणाला माहेरी, मोहन्याला. त्या दोघांना ताप शिवलाच नाही.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत तो परत आला, जरा वेगळ्या रूपात. आवडाबाई चार शिंका देऊन पुन्हा मासळी साफ करायला बसली. धाकू मात्र आडवा झाला, श्वास लागला.

"सगुणा बसंल आत," आवडाबाईने हुकूम सोडला. "मागच्या तापानं तिला हात लावला नाय. अंगात जोर हाय तिच्या. तू आधीच पोखरलेली, बायजा."

"आत्या, ती होती कुठं तेव्हा? मोहन्याला बसून लाडू खात होती!" बायजा उसळली. "मना जाऊ द्या. मी एकदा भोगलाय."

"एकदा भोगलंस म्हणून वैदीण झालीस काय गो?"

सगुणाने पाळण्यातलं पोर बायजाच्या हातात दिलं. "जाऊ दे गो. उगाच घरात भांडण नको," ती हसून म्हणाली आणि माझ्याखाली शिरली.

म्हातारा तिच्या तोंडावर खोकत होता. मी जाड, जड. वाफ बाहेर जाऊ देत नव्हते. त्याचा श्वासही नाही. मला फाटायचं होतं. घोंगडीला स्वतःहून फाटता येत नाही.

धाकू उठला. सगुणा पडली. मग बायजाने कुणालाच विचारलं नाही. पोराला शेळीच्या दुधावर ठेवून ती जावेजवळ बसून राहिली. तिचा घसा धरला, अंग जरा कसकसलं, तेवढंच. ज्या तापाने सगुणाची छाती भरून टाकली, त्याने बायजाला ओळखलं आणि तिच्या शरीराने त्याला. पुरती सुटका नव्हती ती. पण तग धरण्याइतकी ताकद होती.

सगुणा वाचली नाही.

"घोंगडीनं खाल्ली तिला," आवडाबाई रडत म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना दोष द्यायला एखादी मुकी वस्तू नेहमीच सापडते. मला खाडीत टाकलं.

आता मी तिवरांच्या मुळांत अडकलेय. भरती चढतेय, लोकर चिखलाने जड झालीय. वरच्या पाड्यात खोकला ऐकू येतोय आणि कुणीतरी पुन्हा सर्वांत धडधाकट, कधीच न तापलेली पोरगी निवडत असेल. माझं पाणी होऊ द्या हवं तर. पण त्या पोरीला आत धाडू नका. बायजाला हाक मारा. ती येईल, दारात तिला अडवू नका.