दाढ नव्हे, नस

सलूनमध्ये सगळे त्याला रेडिओ म्हणत. कात्री हातात आली की तोंड सुरू, ते गिऱ्हाईक खुर्चीवरून उठेपर्यंत बंद नाही. तोच रेडिओ गेले पाच महिने मुका झाला होता.

दुखणं उजव्या गालात. दुखणं कसलं, वीजच ती! तोंड धुताना, घास चावताना, नुसता पंख्याचा वारा लागला तरी कानापासून हनुवटीपर्यंत सणक जायची. दोन-चार क्षणांत थांबायची. पण पुढची कधी येईल या धास्तीने त्याला ना धड बसवत होतं, ना उभं राहवत होतं. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर दाढीचं रान. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "स्वतःची दाढी अर्धी सोडणाऱ्याच्या हाती मी मान कशी देऊ?" एरवी त्याने दहा उत्तरं दिली असती. आता त्याने नुसता टॉवेल झटकला.

एक दाढ काढली, सणक थांबली नाही. दुसरी काढली, तरी तेच. मग तिसरी काढायचीच असं ठरवून तो दातांच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बायको सोबत आली, कारण बोलणार कोण?

"कुठे दुखतं, दाखवा," बाई म्हणाल्या.

त्याने बोट गालापासून लांबच ठेवलं आणि हवेत रेघ ओढली.

बाईंनी दाढ हलक्या हाताने तपासली आणि हातातला आरसा खाली ठेवला. "गालाला हात लावायची भीती वाटते, हो ना?"

त्याने मान डोलावली.

"ही दाढ ठणठणीत आहे. मी काढणार नाही. दुखावलीय ती चेहऱ्याची नस. अशी नस साध्या स्पर्शानेही चवताळते. आधीच्या दोन दाढाही बहुतेक उगाच गेल्या."

बायको उसळली. "त्या डॉक्टरला जाऊन जाबच विचारते!"

"नको," तो म्हणाला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. सणक येऊन गेली. डोळे पुसून तो हळूच बोलला, "दुसरी काढायला ते नको म्हणत होते. मीच हट्ट धरला."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. हे त्याने घरी सांगितलंच नव्हतं.

पुढे बाईंनी पाठवलं त्या नसांच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. एक रक्तवाहिनी नसेला चिकटून तिच्यावर दाब देत होती. "आधी गोळ्या. नाहीच भागलं तर ऑपरेशनचं बघू. पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत," त्यांनी बजावलं. पहिले पंधरा दिवस त्याला नुसती गुंगी होती. जमीन हलल्यासारखी वाटायची, म्हणून वस्तऱ्याला हात न लावता तो दुकानात केस झाडत बसला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मात्रा थोडी कमी केली, मग हळूहळू वाढवली. महिन्याभरात दिवसाला चाळीस सणकांच्या चार झाल्या.

मग एका दुपारी दुकान बंद ठेवून तो पहिल्या डॉक्टरांकडे गेला.

"भांडायला आलात?" त्यांनी सावधपणे विचारलं.

"नाही हो. दाढ नव्हती, नस होती. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असावं. उद्या माझ्यासारखा दुसरा कोणी हट्टी आला तर..."

डॉक्टरांनी चष्मा चढवला. मग त्यांनी कागद पुढे ओढला. "त्या नसांच्या डॉक्टरांचा नंबर सांगता?"

त्याने सांगितला. दोनदा, नीट ऐकू जाईल असा.