नवनाथ डॉक्टरचा कान

चाकणच्या कंपनीत नवनाथला नवनाथ म्हणून कुणी हाक मारत न्हाई. डॉक्टर म्हणतात. बावीस वर्षं मेंटेनन्सला काढलेला गडी. मशीन कुरकुरायला लागली की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिला टेकवायचं, मूठ स्वतःच्या कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगून टाकायचं, बेअरिंग चाललं, नायतर पट्टा ढिला झालाय. शिकलेले साहेब कॉम्प्युटर उघडून बसायचे आणि शेवटी म्हणायचे, "डॉक्टरला बोलवा राव." शाळा सातवीत सुटलेली. कान हीच काय ती डिग्री.

गुरुवारची सुट्टी होती. चहा देता देता दीपमाला म्हणाली, "अहो, त्या पलंगाचं आज बघाच. पोरीच्या डोळ्याला डोळा न्हाई."

पोरगी म्हणजे स्वरूपा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घरात एकच सागवानी पलंग, तो तिला दिला आणि हे दोघं खाली गादीवर.

"काय झालं पलंगाला?"

"आता बया! कूस बदलली की किरकिरतोय की. खालच्या ठकुबाई विचारत होत्या, घरात जातं आणलं का म्हणून."

"मला तर काय आला न्हाई आवाज."

"तुमच्या उशाशी हलगी बडवली तरी तुमी घोरणार."

नवनाथ हसला. गादी काढली, पोरीला फळीवर बसवलं आणि म्हणाला, "हाल जरा." ती डावीउजवीकडं हलली. दोघी मायलेकींनी तोंडं वाकडी केली. नवनाथ वाट बघत उभा.

"हाल की."

"हलतेय पप्पा!"

"चेष्टा करता व्हय गं म्हाताऱ्याची?"

कुणी हसलं न्हाई.

मग त्यानं पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक उशाकडच्या सांध्याला, मूठ कानाला. काही न्हाई. पायथ्याला लावलं. काही न्हाई. दुसऱ्या कानाला लावून बघितलं. विहिरीत दगड टाकावा आणि बुडल्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं. शेवटी त्यानं लाकडावर पंजा ठेवला, तर लाकूड थरथरत होतं. हात सांगतोय आवाज हाय, कान म्हणतोय न्हाई. बावीस वर्षांत हे दोघं कधी भांडले नव्हते.

तिथंच तो खाली बसला. टीव्ही बारीक लागतो म्हणून घरात करत असलेली कटकट आठवली. नवीन पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून घातलेल्या शिव्या आठवल्या. कंपनीनं कानात घालायला दिलेली रबरी बोंडं त्यानं कायम खिशातच ठेवली होती. सेफ्टीवाला साहेब दिसला की घालायची, तो वळला की काढायची. म्हणायचा, "कान झाकल्यावर मशीन काय बोलती ते मला कोण सांगणार?" प्रेसच्या धडाडधूममध्ये उघडे कान ठेवून मशीनींचं ऐकत राहिला. त्यांनीच खाल्ले कान.

काम मात्र त्यानं केलं. हातानं चाचपून हलणारा सांधा शोधला, बोल्ट खोलला, मेणबत्ती घासली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे घातला आणि आवळलं.

"थांबला?"

"थांबला," स्वरूपा म्हणाली.

खरं का खोटं ते कळायला त्यानं बायकोच्या तोंडाकडं बघितलं. तिनं मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात फोन वाजला. सुजित, ओव्हरटाइमला आलेला सुपरवायझर. फोनवरही बोंबलूनच बोलायचा. "डॉक्टर! तीन नंबर आवाज करतीय. पट्टा का बेअरिंग? फोन जवळ धरतो, ऐका!"

फोन स्पीकरवर होता. नवनाथला नुसती घरघर ऐकू आली, पावसाळी नाल्यासारखी. त्यानं फोन पोरीपुढं धरला आणि हळूच म्हणाला, "कसा येतोय? तोंडानं काढून दाखव."

स्वरूपानं बापाच्या कानाला तोंड लावलं. "खर्र... खर्र... टक. परत खर्र... खर्र... टक."

"बेअरिंगची गोळी फुटलीय," नवनाथ फोनमध्ये म्हणाला. "बंद कर आधी. शाफ्ट खाईल."

थोड्या वेळानं सुजितचा परत फोन. "मानलं राव डॉक्टर! उघडलं तर गोळीचे दोन तुकडे. घरी बसून सांगितलं! उद्या चार पोरं देतो तुमच्या हाताखाली. कान कसा लावायचा तेवढं शिकवा त्यास्नी."

"शिकवतो," नवनाथ म्हणाला.

फोन ठेवला. हात पुसायला फडकं शोधत होता, ते मांडीवरच होतं. दीपमाला खिडकीकडं तोंड करून काहीतरी बोलली. बारीक आवाजात. नवनाथला तिचे खांदे तेवढे हलताना दिसले.

"व्हय," तो म्हणाला.

तिनं विचारलं होतं, पोर सासरी गेल्यावर कुणाच्या तोंडानं ऐकणार?