लाकडाची ला तेर्का

“तुला जीप ठाऊक नाही पोरी, तुला फक्त तिची उजवी, माझ्या शेजारची सीट ठाऊक आहे,” आर्हेमिरो तोंडातला मक्याचा आरेपा चावत म्हणाला. “आख्खी जीप लाकडात घडवून दाखव. अगदी माझ्या जीपसारखी, खिळ्या-खिळ्यासकट. मग बोलू.”

तो बोलायचं म्हणून बोलला होता. समोर बसलेली त्याची मुलगी रुबिएला सुतार होती, गावातल्या निम्म्या खाटा आणि दारं तिच्या हातची. सुताराला सुतारकामाचंच कोडं घातलं की ती गप्प बसेल, एवढाच त्याचा हिशोब. पण रुबिएलाने कॉफीचा कप खाली ठेवला, मागच्या ओसरीवरच्या आपल्या कारखान्यात गेली आणि फळ्या उलथ्यापालथ्या करायला लागली. त्या घरात हट्टी हे नाव एकट्या जीपला दिलेलं होतं. ला तेर्का म्हणजे हट्टी बाई. खरं तर ते नाव बाप-लेकीलाही शोभलं असतं.

झालं होतं असं, की आर्हेमिरोचा डावा गुडघा आता क्लच दाबायला तयार नव्हता आणि डॉक्टरने त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. आयुष्यभर त्याने ला तेर्कामधून डोंगरातल्या मळ्यांची कॉफी, केळीचे घड, शाळेची पोरं, बाळंतिणी, एकदा तर नवरी आणि तिची गायसुद्धा गावात उतरवली होती. चौकातल्या जीपच्या रांगेत त्याची जागा ठरलेली होती. रुबिएलाला ती जागा हवी होती आणि जीपही हवी होती, चालवायला. लायसन्स तिने कधीच काढलं होतं. शिकली होती शेजाऱ्याच्या जीपवर, कारण ला तेर्काच्या स्टिअरिंगला म्हातारा कुणाचं बोट लागू देत नसे.

तिकडे कालार्का शहरात राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने, विल्मारने, एक हॉटेलवाला गाठला होता. जीप हॉटेलच्या फाटकाशी उभी करायची, इंजिन काढून टाकायचं आणि बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची, म्हणजे पर्यटक फोटो काढतील, असा त्यांचा बेत. गावची जत्रा आटोपली की तो माणूस गाडी न्यायला येणार होता. रुबिएला काम करता करता “फुलझाडं” असं पुटपुटायची आणि तिची करवत उगाच जोरात चालायची.

जीप अंगणातच उभी होती. रुबिएला टेप घेऊन तिच्याखाली शिरायची आणि केसांत ग्रीस घेऊन बाहेर यायची. मापं घ्यायची, दहाव्या हिश्शाला आणायची, कापायची. बॉडी सेद्रो लाकडाच्या पातळ फळीची झाली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बांबूच्या कामट्यांचे, आणि ते खरोखर लवायचे. टायरवरच्या नक्षीसाठी तिने पेरूचं लाकूड घेतलं, कारण ते बारीक कोरताना तुटत नाही. पुढच्या मडगार्डचा पोचा तिने पटाशीने कोरला तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली.

म्हातारा रविवारी चर्चमधून आला की टोपी न काढताच ओसरीवर यायचा आणि चुका काढायचा. आरसा स्क्रूने बसवलाय, माझा तारेने बांधलेला आहे. मागच्या उजव्या पाट्याला तडा आहे, त्यावर पट्टी कुठे आहे? गिअरच्या दांड्याची मूठ गाईच्या शिंगाची आहे, ही कसली कपाटाच्या मुठीसारखी बोंडी लावलीस? प्रत्येक वेळी रुबिएला उठून जीपपाशी जायची, बघायची, आणि म्हाताऱ्याचंच खरं निघायचं. ती मुकाट्याने काढून पुन्हा करायची. शेजारीपाजारी म्हणायला लागले, की ह्या बाईला खाटेची ऑर्डर देऊ नका, ती हल्ली उंदरांसाठी गाड्या करते.

शेवटी एका रविवारी म्हाताऱ्याला बोट दाखवायला जागा उरली नाही. त्याने मॉडेल सगळीकडून न्याहाळलं. मग त्याने ते उचललं आणि मधोमध, पुढच्या सीटांखाली, एका बोटावर तोललं. जीप मागे कलंडली आणि शेपटीवर आपटली.

“नाक हलकं आहे,” तो म्हणाला. “हे खेळणं आहे.”

हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. पण जत्रेच्या दिवशी जीपवर घरभर सामान रचून, खाट, कपाट, कोंबड्यांचा पिंजरा, सगळं मागे लादून, तिला मागच्या दोन चाकांवर उभी करायची आणि चौकात गरगर फिरवायची, ह्या खेळात आर्हेमिरोचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्या जीपचा तोल कुठे आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

“लाकूड आहे बाबा ते, लोखंड नव्हे.”

“मग मला कशाला सांगतेस? लाकडाला सांग.”

तो आत गेल्यावर रुबिएलाने पॉलिश पेपर भिंतीवर फेकून मारला आणि रागाने रडली. महिनोन् महिने केलेलं काम एका बोटावर हरलं होतं. त्याहून वाईट हे, की म्हातारा आजही बरोबर होता. डोळे पुसून ती मोडक्या कॉफी गिरणीच्या आवारात गेली आणि गुआयाकानच्या जुन्या खांबाचा तुकडा खांद्यावर टाकून घेऊन आली. हे लाकूड पाण्यात टाकलं की दगडासारखं तळाशी जातं. तिने इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा ॲक्सल ह्या लाकडातून काढायचं ठरवलं, आणि मागची सगळी बॉडी सोलून ती बाल्सोची, कापसाइतक्या हलक्या लाकडाची करायची. गुआयाकानने करवतीची पाती मोडली, पटाशीची धार परतवली. तिचं मनगट सुजलं, तर तिने ते फडक्याने आवळून बांधलं. विल्मारने फोनवर विचारलं, खेळणं झालं का? ती म्हणाली, होईल, आणि फोन ठेवला.

जत्रा झाली. दुसऱ्याच दिवशी विल्मार हजर झाला. हॉटेलवाला मागून येतच होता. आर्हेमिरोने ओसरीवरच्या बाकावर बसून मॉडेल मागितलं आणि बोटावर ठेवलं. जीप डुलली, जराशी पुढे, जराशी मागे, आणि थांबली.  मग म्हाताऱ्याने रुबिएलाने केलेली इवलीशी खाट, पोती, पिंजरा एकेक उचलून मागे रचायला घेतलं. कुठलं कुठे ठेवायचं हे त्याने कुणाला विचारलं नाही. शेवटचं पोतं ठेवताच पुढची दोन्ही चाकं हलकेच बाकावरून उचलली गेली. त्याच्या मिशा हलल्या. 

मग त्याने उगाच अंगठा उजव्या सीटवर दाबला आणि झटक्यात मागे घेतला. “काय टोचलं हे?”

“स्प्रिंग.”

“माझ्या जीपच्या सीटमधून स्प्रिंग बाहेर येत नाही.”

“बघून दिसत नाही बाबा. बसलं की टोचते.”

“इतकी वर्षं माणसं नेली, एकाने तक्रार केली नाही.” तो मान हलवत राहिला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, “बाकी सगळं जमलंय तुला, पोरी. एवढी एक चूक काढून टाक. गाडी तुझी.”

पक्कड तिच्या एप्रनच्या खिशातच होती. विल्मारलाही राहवलं नाही. “काढून टाक ना रुबी,” तो म्हणाला, “एक तार तर आहे.” फाटकाबाहेर मोटारीचा आवाज आला. रुबिएलाने पक्कड बाहेर काढली, हातात धरली, आणि तिला मनापासून वाटलं, की काढावी आणि मोकळं व्हावं.

“नाही काढणार,” ती म्हणाली. “तुम्ही दाखवलेली एकूण एक चूक मी सुधारली, कारण ती चूक होती. ही नाहीये. स्प्रिंग काढली, तर ही ला तेर्का राहत नाही. तुम्ही त्या सीटवर कधी बसलात, सांगा ना?”

 म्हाताऱ्याखेरीज ती गाडी कुणी चालवलीच नव्हती, मग तो शेजारी बसणार कधी? काठी टेकत तो उठला, अंगणात गेला आणि सवयीने डाव्या बाजूला, स्टिअरिंगकडे वळला. तिथून थबकून जीपला वळसा घालून तो उजवीकडे आला, दुखरा पाय हाताने उचलून आत घेतला आणि टेकला. लगेच दचकून अर्धा उठला.

कुणी हसलं नाही. तो तसाच दांड्याला धरून अधांतरी राहिला होता.

“एदिल्मा रुआनाची घडी करून बसायची,” तो म्हणाला. एदिल्मा म्हणजे रुबिएलाची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. “भर उन्हात घोंगडीसारखी लोकरीची रुआना. मला वाटायचं, उंच दिसायला बघते. मी तिला चिडवायचो, सगळ्या गावासमोर.”

“ठाऊक आहे. मी तिच्या मांडीवर असायचे.”

“मला का नाही सांगितलं तिने?”

“सांगायची की. तुम्ही म्हणायचात, ला तेर्काला काही झालेलं नाही.”

म्हातारा हळूहळू खाली बसला, पूर्ण वजन टाकून. त्याचा चेहरा आखडला, पण तो उठला नाही. हॉटेलवाला फाटकातून आत आला होता आणि विल्मार त्याच्याकडे निघाला होता. “विल्मार,” म्हाताऱ्याने हाक मारली, “त्यांना कॉफी पाज, आणि सांग, फुलझाडांना जागा नाही. तिथे इंजिन आहे.” मग त्याने शर्टाच्या खिशातून किल्ली काढून रिकाम्या स्टिअरिंगपुढे धरली.

रुबिएला डाव्या बाजूने चढली. लाकडी जीप तिने त्याच्या मांडीवर ठेवली. तिच्या एका हातात अजून पक्कड होती. तिने विचारलं, आधी तुमच्या खालची स्प्रिंग वाकवून टाकू का, नाहीतर निदान उशी आणते.

“राहू दे,” आर्हेमिरो समोर बघत म्हणाला. “आधी चौकापर्यंत चल.”