चिमणीला अहोजाहो

सोमवारपासून सून कामावर जाणार होती, आणि तिची चिमणी काही केल्या आजीच्या हातून घास घेत नव्हती.

दहा महिन्यांचं पोर ते. आजीने चमचा पुढे केला की ओठांना कुलूप. पडद्यातून गाळून आलेलं दुपारचं ऊन खोलीभर पाण्यासारखं हलत होतं, आणि त्यात आजीचा चमचा नुसता तरंगत राहिलेला.

"उघड गं तोंड. आ कर, आ."

चिमणी पडद्याकडे बघत बसली.

सून दारात उभी राहून बघत होती. नोकरी फोनवरची, स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांची. मध्येच उठून घरी धावता यायचं नाही.

"तुझ्याकडून कशी खाते? दाखव बघू," सासूबाई म्हणाल्या.

ती खाली बसली. चमचा धरून हळूच म्हणाली, "आब्रा." तोंड उघडलं. "कोमा." घास गेला.

सासूबाई बघतच राहिल्या. मग तिला सांगावंच लागलं. तीन महिने भरवता भरवताच तिने स्पॅनिशचे धडे घोकले होते. सरळ चालीच्या क्रियापदाचं शेपूट तोडायचं. 'आर'वाल्याला 'ए' लावायचा, 'एर' आणि 'इर'वाल्यांना 'आ', की झाली आज्ञा. आब्रिरचं आब्रा, म्हणजे उघडा. कोमेरचं कोमा, खा. ग्राहकांशी बोलायचं म्हणून सगळं आदराचं.

"म्हणजे या टिचभर पोरीला तू अहोजाहो करतेस?"

"सवय व्हावी म्हणून, आई. तिलाच लागली."

"माझी चार पोरं 'गिळ मेल्या' ऐकून वाढली." सासूबाईंनी पदर खोचला. "आण तो चमचा. आणि तू बाहेर हो. तू दिसलीस की ती माझ्याकडे कशाला बघेल?"

ती दाराआड गेली. भिंतीला पाठ टेकली. घर एकदम लांब गेल्यासारखं झालं. घड्याळाची टिकटिकही झोपेतून यावी तशी येत होती. आत सासूबाईंनी घसा खाकरला.

"आब्रा, बाईसाहेब."

काहीच नाही. तिची बोटं दाराच्या कडीवर गेली, आणि तिने ती मागे घेतली.

"आब्रा."

मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज. पुन्हा एकदा. पुन्हा. तिच्यावाचून घास जात होते. तिला हायसं वाटलं, आणि कुठेतरी टोचलंही.

"अगं ए," आतून हाक आली, "पाणी प्या कसं म्हणायचं?"

"बेबा," ती दाराआडून म्हणाली.

"बेबा," आत सासूबाई म्हणाल्या, आणि चिमणी घटाघटा पाणी प्यायली.