दोन खुर्च्यांमधले अंतर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सागवानी नाही, साध्या लाकडाची. हात नसलेली, सरळ पाठीची. एका सुताराने महाविद्यालयासाठी माझ्यासारख्या दोन डझन खुर्च्या केल्या. पहिली दहा वर्षे मी परीक्षेच्या दालनात काढली. माझ्यावर बसून किती जणांनी नखे खाल्ली, त्याची गणती नाही. पण माझ्या आयुष्यातली मानाची वर्षे त्यानंतर आली. त्या काळात पुष्कळ दिवस माझ्यावर कुणी बसतच नसे, आणि तरीही मी आयुष्यातले सर्वांत मोठे काम करत होते.

महाविद्यालयात मानसशास्त्राच्या एक संशोधक बाई होत्या. मनाच्या गंभीर आजारातून सावरलेल्या माणसांना लोक किती दूर ठेवतात, हे त्यांना शोधायचे होते. तोंडी विचारले तर सगळेच चांगले बोलतात. म्हणून बाईंनी तोंडी विचारलेच नाही. एका रिकाम्या खोलीत त्यांनी मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला भिंतीशी ठेवले. प्रयोगासाठी आलेल्या माणसाला त्या सांगत, "थोड्या वेळाने एक जण तुमच्याशी गप्पा मारायला येतील. तुम्हाला बरं वाटेल तशा खुर्च्या मांडून ठेवा." निम्म्या लोकांना त्या एवढेच सांगत. उरलेल्यांना आणखी एक वाक्य सांगत: "त्यांना स्किझोफ्रेनिया आहे, पण औषधांनी आता बरे आहेत."

खुर्च्या मांडून झाल्या की बाई त्या माणसाला शेजारच्या खोलीत नेत, एक अर्ज भरून घेत, आणि मग परत येऊन आमच्या पुढच्या पायांमधले अंतर टेपने मोजत. गप्पा मारायला कुणी येत नसे. शेवटी बाई प्रत्येकाला खरे काय ते सांगत आणि त्याच्या परवानगीनेच आकडा वहीत ठेवत. माणूस जे तोंडाने कबूल करत नाही, ते मी माझ्या चार पायांनी सांगत होते. याचा मला अभिमान वाटे.

तीन आठवड्यांत बेचाळीस माणसे झाली. आकडे पाहून बाई चकित झाल्या. आजाराचे नाव ऐकलेले असोत वा नसोत, सगळ्यांचे अंतर साठ सेंटिमीटरच्या आसपास. पहिल्या दिवशी त्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून तोच तक्ता पुन्हा पाहिला.

"माणसं इतकी सारखी नसतात," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

कारण मला ठाऊक होते, पण खुर्चीला कोण विचारतो? त्या दिवशी बाई पुढच्या माणसाचा अर्ज अर्ध्यावर ठेवून खोलीत परत आल्या, तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशी मला पाठीला धरून पुढे ओढत होत्या.

"मावशी, काय करताय?"

"खुर्च्या नीट लावतेय. लोकांना काही पद्धत नाही, बाई. बोलायला बसायचं आणि मधून हातगाडी जाईल एवढी जागा ठेवायची. काल एकानं तर ही पार भिंतीला टेकवली होती. वाघ येणार होता जसा काही."

"म्हणजे दर वेळी लावता?"

"दर वेळी. खोली रिकामी झाली की झाडायला येते ना. का?"

बाई माझ्या बहिणीवर बसल्या. "तीन आठवड्यांची मोजणी तुम्ही केराबरोबर झाडून टाकलीत, मावशी."

"मला कुणी सांगितलं होतं का मोजणी आहे म्हणून? मला वाटलं, खुर्च्या आहेत."

खरेच होते. बाईंनी सगळ्यांना सूचना दिल्या होत्या, फक्त खोली झाडणाऱ्या बाईला दिल्या नव्हत्या. मग त्यांनी प्रयोग समजावून सांगितला. मावशी ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "त्यासाठी खुर्ची कशाला मोजायची? माझ्या धाकट्या भावाला विचारा. तो सेंटिमीटरमध्ये सांगेल."

मावशींच्या भावाला तोच आजार होता. सहा वर्षे तो नियमित औषध घेत होता, नळदुरुस्तीचे काम उत्तम करत होता. पण आजाराचे नाव समजले की लोक दारातूनच परत पाठवत.

बाईंनी बेचाळीस ओळींवर तांबडी रेघ मारली आणि खाली लिहिले, 'मोजणीआधी खुर्ची हलवली गेली. चूक माझी.' ते आकडे तसेच छापले गेले असते, तर अशा माणसांना कुणी दूर ठेवतच नाही, असा त्यांचा अर्थ झाला असता. मावशींच्या भावाला मग कुणी खरे मानले असते?

प्रयोग नव्याने सुरू झाला. आता खरे अंतर दिसू लागले: आजाराचे नाव ऐकलेले लोक खुर्च्या बऱ्याच लांब मांडत. तेव्हा बाईंनी पुढचा प्रश्न घेतला: समोर खरोखर माणूस येऊन बसला तर? त्यांनी मावशींच्या भावाला विचारले.

"मला काय नमुना म्हणून बसवणार?" तो म्हणाला.

"नाही. नको वाटलं तर उठायचं. उत्तर द्यायचं नसेल तर द्यायचं नाही."

"आणि खुर्ची लांब असली तर?"

"तर मी लिहून घेईन."

पहिला माणूस होता एक निवृत्त टंकलेखक. आजाराचे नाव ऐकून त्याने मला एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटरवर ठेवले. भाऊ आला, ते अंतर त्याने पाहिले आणि माझ्या काठावर टेकला, उठायच्या तयारीत.

"काय करता आपण?" टंकलेखकाने विचारले.

"नळ दुरुस्त करतो."

"आमचा स्वयंपाकघरातला गळतो. दोघे जण येऊन गेले."

"वायसर बदलला?"

"दोनदा."

"मग वायसर नाही. तो टेकतो ती जागा झिजली असेल." भावाने खिशातून कागद काढून चित्र काढायला घेतले. टंकलेखकाला एवढ्या लांबून दिसेना. तो मान पुढे करून पाहत राहिला, मग उठला आणि माझ्या बहिणीला ओढत जवळ घेऊन आला. निघताना त्याने विचारले, "उद्या सकाळी घरी याल का? चहाच्या वेळेला या."

टेपचे दुसरे टोक आता मावशींच्या हातात असे. त्यांनी वाकून आकडा वाचला. "अठ्ठावन्न."

"नीट बघा."

"नीटच बघितलंय. या वेळी मी हात लावलेला नाही."

अशी साठ माणसे भावाशी बोलून गेली. दोन आठवड्यांनी त्यांना पुन्हा बोलावून, तोच आजार असलेल्या एका अनोळखी माणसासाठी खुर्च्या मांडायला सांगितल्या. एकेचाळीस जणांनी मला आधीपेक्षा जवळ ठेवले. चौदा जणांत फरक पडला नाही. पाच जणांनी मला आणखी लांब नेले, आणि बाईंनी ते पाचही छापले. मापनाचे काम करणाऱ्यांत मावशींचे नाव होते. माझा उल्लेख 'एक साधी खुर्ची' असा होता. मला तेवढा पुरला.

पुढे चाकांच्या खुर्च्या आल्या. त्या माणूस बसताच आपोआप सरकतात, मोजणार काय कपाळ? मी व्हरांड्यात आले. माझ्यावर फायली चढल्या. माझा एक पाय डुगडुगतो.

मित्रांनो, तो दुरुस्त केलात तर उपकार होतील, पण माझी विनंती दुसरी आहे. कुणाच्या आजाराचे नाव कानावर पडले की हात नकळत खुर्ची मागे सारतो. तुमच्याही हातून असे झाले असेल तर लाजून उठून जाऊ नका. काहीतरी विचारा, घरातल्या गळक्या नळाबद्दल विचारा. आणि समोरचा सांगू लागला की नीट ऐकू यावे म्हणून खुर्ची थोडी पुढे ओढा.